लांब इंग्रजी शब्दांत आघात कोणत्या अक्षरावर द्यावा?

निपाणी-खानापूर भागात मराठी माध्यमातून शिकून बेळगावच्या महाविद्यालयात आल्यावर लांब इंग्रजी शब्द अडखळतात, ते कसे तोडावेत, असे आपण विचारले आहे. अडचणीचे मूळ असे की मराठीत आणि कन्नडमध्येही शब्दातील अक्षरे जवळपास सारख्याच जोराने उच्चारली जातात. इंग्रजीत मात्र एका अक्षरावर प्रमुख आघात पडतो आणि आघात नसलेल्या अक्षरांतील स्वर बहुधा आखडून अस्पष्ट ‘अ’सारखा होतो. येथे अक्षर म्हणजे ऐकू येणारा एक स्वर व त्याला चिकटलेली व्यंजने.

शब्द तोडण्याआधी त्याचा शेवटचा प्रत्यय ओळखावा, कारण आघाताची जागा पुष्कळदा तोच ठरवतो. ‘-शन’, ‘-इटी’ आणि ‘-इक’ यांच्या लगेच आधीच्या अक्षरावर सहसा आघात येतो: ‘एक्झामिनेशन’मध्ये ‘ने’वर, ‘युनिव्हर्सिटी’मध्ये ‘व्हर’वर, तर ‘रिस्पॉन्सिबिलिटी’च्या 6 अक्षरांपैकी चौथ्यावर. मूळ शब्द एकच असूनही ‘फोटोग्राफ’मध्ये पहिले, ‘फोटोग्राफी’मध्ये दुसरे आणि ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसरे अक्षर ठळक होते, मला हे सर्वांत उपयुक्त उदाहरण वाटते, म्हणून हे तिन्ही शब्द लागोपाठ मोठ्याने म्हणून पाहावेत.

‘-मेंट’ आणि ‘-नेस’ मूळ आघात हलवत नाहीत, त्यामुळे ‘डेव्हलपमेंट’मध्ये जोर दुसऱ्या अक्षरावरच राहतो. ‘-इक’च्या नियमाला ‘पॉलिटिक्स’सारखे अपवाद आहेत, त्यात आघात पहिल्यावर पडतो. शंका आल्यास शब्दकोशातील उच्चार पाहावा. आघाताच्या अक्षराआधी वरच्या बाजूला छोटी उभी रेघ बहुधा दिलेली असते.