कॅबरेत गाणारा पोरगा टेनर कसा झाला?

प्रश्न : माझा मुलगा गाणं शिकतोय, पण हल्ली दिवसभर यूट्यूबवर रोबेर्तो अलान्या नावाच्या फ्रेंच टेनरला (ऑपेरात, म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाटकात, उंच पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाला) ऐकत बसतो. म्हणतो हा कुठल्या संगीत कॉलेजात न जाता एवढा मोठा झाला, मग मला क्लास कशाला? खरंय का हे?
– एक आई, नाशिक

उत्तर : ताई, अर्धंच खरंय, क्लासची फी भरून टाका आधी! अलान्या १९६३ चा, पॅरिसजवळच्या क्लिशी-सू-ब्वाचा, घरचे सिसिलीहून आलेले. पोरवयात तो पॅरिसच्या कॅबरेंमध्ये पॉप गाणी म्हणायचा, तेही बरेचदा नुसत्या टिपवर, आणि मग अमेरिकन गायक-नट मारिओ लान्झाचे सिनेमे आणि जुन्या टेनर्सच्या रेकॉर्ड्स ऐकता ऐकता ऑपेराचं वेड लागलं. बराचसा स्वतःच शिकला हे बरोबर, पण गुरूच नव्हता असं नाही हां, राफाएल रुईझ नावाचा एक क्यूबन डबल बास (व्हायोलिनसारखं मोठ्ठं, खर्जातलं वाद्य) वाजवणारा त्याला शिकवायचा. मुलाने हे नाव सोयीस्कर गाळलेलं दिसतंय.

१९८८ ला त्याने नामवंत इटालियन टेनर पाव्हारोट्टीच्या नावाची स्पर्धा जिंकली, त्याच वर्षी इंग्लंडमध्ये ग्लाइंडबोर्न या ऑपेरा कंपनीच्या दौऱ्यावर 'ला त्राविआता' ऑपेरातला अल्फ्रेदोचा रोल मिळाला, आणि १९९० ला तोच रोल थेट मिलानच्या ला स्काला या नामांकित ऑपेरा थिएटरात, संगीत संचालक मुत्तींच्या हाताखाली. पुढे १९९४ ला लंडनच्या कॉव्हेंट गार्डन ऑपेरा थिएटरात रोमिओ, १९९६ ला न्यूयॉर्कचं मेट, म्हणजे मेट्रोपॉलिटन ऑपेरा. इतकं भराभर की लोक त्याला (पाव्हारोट्टी, डोमिंगो, कारेरास या गाजलेल्या 'थ्री टेनर्स'नंतरचा) चौथा टेनर म्हणायला लागले, जे मला तरी कधी पटलं नाही, कारण त्याची खरी ताकद फ्रेंच ऑपेरात आहे, शब्द न् शब्द कळतो त्याचा.

नंतर त्याने जड रोल घ्यायला सुरुवात केली. डिसेंबर २००६ ला ला स्कालात 'आइदा'. त्यातलं टेनरचं 'चेलेस्ते आइदा' हे गाणं अगदी सुरुवातीलाच येतं, गळा तापायच्या आत. ते झालं आणि वरच्या गॅलरीतून हुर्यो सुरू, हा सरळ स्टेजवरून निघून गेला! बदली गायक अंतोनेल्लो पालोंबीला तसाच जीन्समध्ये स्टेजवर यावं लागलं, खेळ थांबला नाही. प्रेक्षकांनी असभ्यपणा केला हे मान्य, पण समोर सहगायिका उभी असताना निघून जाणं मला काही आवडलं नाही.

आणि मुलाला हेही सांगा, २०१८ ला जर्मनीतल्या बायरॉइटच्या महोत्सवात संगीतकार वाग्नरच्या ऑपेरातला 'लोहेनग्रिन' ठरलेला, तर रोल पुरेसा पाठ झाला नाही म्हणून काही आठवडे आधी त्याने माघार घेतली, म्हणजे पंचावन्नाव्या वर्षीसुद्धा गृहपाठ सुटला नाही. तोच रोल शेवटी डिसेंबर २०२० ला बर्लिनमध्ये गायला, कोविडमुळे थिएटर बंद, त्यामुळे फक्त कॅमेऱ्यासमोर.

त्याचं १९९६ चं पॅरिसच्या शातले थिएटरमधलं फ्रेंच ऑपेरा 'डॉन कार्लोस'चं रेकॉर्डिंग मिळालं तर मुलासोबत तुम्हीही बघा, लांबलचक आहे, चहा करून बसा.