आंबोण खाऊन कोंबड्या मरत नाहीत, लस न दिल्याने मरतात

तुम्ही विचारलंय की दारातल्या कोंबड्यांना आंबवलेलं धान्य, म्हणजे आंबोण, आणि हिरवा पाला घातला तर अंडी वाढतात का, विकतचं लेयर खाद्य (अंड्यांच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) बंद करता येईल का, आणि शेजारचे म्हणतात तसं आंबट खाऊन कोंबड्या मरतात का. खरं सांगायचं तर त्या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसलेय, कारण हेच वाक्य मी माझ्या स्वतःच्या अंगणात अख्ख्या वाडीसमोर ऐकून घेतलंय.

मरत नाहीत. बुरशी आलेलं किंवा सडलेलं घातलंत तर मरतील, पण नीट आंबलेलं खाऊन नाही.

आमचं घर चिपळूणजवळ. सासूबाईंनी आयुष्यभर गावठी कोंबड्या पाळल्या आणि त्यांचं खाद्य ठरलेलं, भाताची कणी, थोडा कोंडा, असली तर नाचणी, सगळं मडक्यात भिजवायचं आणि मडकं कधी पूर्ण धुवायचं नाही, तळाचं आंबट पाणी पुढच्या धान्याला विरजण म्हणून ठेवायचं. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीच वर बारीक बुडबुडे यायचे, ताकासारखा स्वच्छ आंबट वास सुटायचा, मग त्या ते पिळून घमेल्यात काढायच्या आणि वरून शेवग्याचा पाला ओरबाडून टाकायच्या. बास. त्यांना कुणी लॅक्टिक ॲसिडचे जिवाणू शिकवले नव्हते पण काम तेच चालू होतं, आंबटपणा वाढला की साल्मोनेलासारखे घाणेरडे जंतू त्यात टिकत नाहीत आणि धान्यातला फायटेट नावाच्या घटकात अडकलेला फॉस्फरस मोकळा होऊन कोंबडीच्या अंगी लागतो.

आता आमचे भावजी. धाकटे दीर, त्यांचं करारावरचं ब्रॉयलरचं शेड आहे. कंपनी पिल्लं देते, खाद्य देते, सहा आठवड्यात पक्षी उचलून नेते. त्या धंद्यात ते हुशार आहेत, त्याबद्दल वाद नाही. पण शेड आल्यापासून आईंचं मडकं त्यांच्या डोळ्यात खुपायला लागलं. "वहिनी, ही घाण बंद करा, माझ्या शेडात रोग येईल," हे जेवताना, हे गणपतीत पाहुण्यांसमोर. मी ऐकून घ्यायचे.

मग एका वर्षी शिमग्याच्या आधी वाडीत कुणीतरी आठवडा बाजारातून कोंबड्या आणल्या आणि थोड्याच दिवसात वाडीभर मर लागली. आमच्याही कोंबड्या बसायला लागल्या, पंख पाडून, चोच उघडी टाकून श्वास घ्यायच्या, आणि हगवण हिरवीगार. ती हिरवी हगवण बघून भावजींना पुरावाच मिळाला, म्हणाले हे बघा पाला आणि आंबट घालून घालून काय केलंत. मडकं उचललं आणि उकिरड्यावर नेऊन फोडलं. आई ओटीवर बसलेल्या, काही बोलल्या नाहीत. मला त्याचा राग अजून आहे आणि तो राहणार.

मी त्याच दुपारी एक नुकती मेलेली तलंग, म्हणजे तरणी कोंबडी, पिशवीत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी खताच्या रिकाम्या गोणीवर ठेवून माझ्यासमोर फाडली. आधी गळ्याखालची पिशवी उघडून दाखवली, आत कणी आणि पाल्याचे तुकडे, म्हणाले यात काही दोष नाही. मग पेठ्याच्या, म्हणजे दाणे दळणाऱ्या जाड पिशवीच्या, जरा वरचा जठराचा जाडसर भाग चिरून उलटा केला, आतल्या पांढऱ्या अस्तरावर टाचणीच्या डोक्याएवढे लालभडक रक्ताचे ठिपके, ओळीने. म्हणाले, ही राणीखेत, म्हणजे तुमची मानमोडी. हिरवी हगवण त्याच रोगाचं लक्षण, पाल्याशी काही संबंध नाही. परत आले तर एका कोंबडीची मान उलटी पिळली गेलेली होती, ती गोल गोल फिरत होती, मग तर सांगायलाच नको.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पलीकडच्या घरातल्या कोंबड्यांना नुसती कोरडी कणी असायची, ना आंबोण ना पाला, त्याही मेल्या. भावजींच्या शेडातले वाचले ते खाद्यामुळे नाही, कंपनीचा माणूस पिल्लांना पाण्यातून लासोटा, म्हणजे राणीखेतची लस, देऊन जातो म्हणून वाचले. हे मी त्यांना तेव्हाही सांगितलं, आजही सांगते, ते अजून "कायतरी असेल" म्हणतात.

म्हणून तुम्ही मडकं की गोणी हे ठरवायच्या आधी लसीचं बघा. लासोटा पिल्लांना पहिल्या आठवड्यात डोळ्यात नाहीतर नाकात थेंब, साधारण महिन्याने परत, आणि दोन महिन्यांच्या सुमारास आर टू बी ही त्याच रोगाची दुसरी लस टोचायची. अडचण अशी की लसीची बाटली शंभर-दोनशे पक्ष्यांची येते आणि एकदा कालवली की काही तासात संपवावी लागते, म्हणून दहा-बारा कोंबड्यांवाला माणूस ती आणतच नाही. आम्ही आता वाडीतल्या सगळ्या घरांचे पक्षी एकत्र मोजतो, थर्मासमध्ये बर्फ घालून एकच बाटली आणतो आणि संध्याकाळी कोंबड्या खुराड्यात शिरल्या की घराघरात फिरतो. हे आमच्या बायकांनी सुरू केलं.

आता तुमचं. अंडी वाढतात का, तर आंबवल्याने धान्य नीट पचतं, वाया कमी जातं, उधळत नाहीत, पण कणीत प्रोटीन ८ टक्क्यांच्या आसपास असतं आणि ते आंबवलं म्हणून १६ होत नाही. लेयर खाद्यात १६-१७ टक्के प्रोटीन आणि साडेतीन-चार टक्के कॅल्शियम मुद्दाम घातलेलं असतं. ते मडक्यातून कुठून येणार? ते बाहेरून आणावं लागतं. आमच्याकडे सुका जवळा असतो तो मूठभर, वाळवी सापडली तर तीही, आणि तिसऱ्यांच्या शिंपल्या चुलीत भाजून जाडसर कुटून वेगळ्या करवंटीत ठेवायच्या, कोंबडी तिला लागेल तेवढं स्वतः टिपते. जवळा फार झाला की अंड्याला वास मारतो. मीठ लावलेली सुकी मासळी अजिबात नको.

पाल्याचं म्हणाल तर शेवगा सगळ्यात चांगला, मग लसूणघास, माठ, मुळ्याचा पाला, कोबीची वरची पानं. अझोला, म्हणजे पाण्यावर तरंगणारी बारीक वनस्पती, करतात लोक, चांगला आहे, पण त्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं, तेव्हा बादलीभर अझोल्याने खाद्य वाचलं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पालक रोज नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. सुबाभूळ थोडासाच. लांब पात्याचं गवत अख्खं टाकू नका, गळ्याच्या पिशवीत गोळा होऊन अडकतं, बारीक चिरून द्या, आणि मोकळ्या फिरत नसतील तर दाणे दळायला जाड वाळू हवीच. पाल्याने बलक केशरी होतो हे खरं, पण नुसत्या रंगाला भुलू नका, पिंजऱ्यातल्या कोंबड्यांच्या खाद्यात झेंडूचा अर्क घालूनही तोच रंग आणतात.

एक सांगायचं राहिलं. काळी, हिरवी, गुलाबी कसलीही बुरशी दिसली की सगळं फेकायचं, वरचं काढून खालचं वापरायचं नाही, आणि मूळ धान्यच बुरशीचं असेल, विशेषतः मका किंवा शेंगदाणा पेंड, तर त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष आंबवून जाईल असं समजू नका. धान्याच्या वर दोन-तीन बोटं पाणी पाहिजे, झाकण सैल पाहिजे, ॲल्युमिनियम-तांब्याचं भांडं नको. नळाला क्लोरीन असेल तर पाणी रात्रभर उघडं ठेवून वापरा. तासाभरात संपेल तेवढंच घाला. आमच्याकडच्या पावसात तर ओलं खाद्य खुराड्यात अजिबात ठेवायचं नाही, खालचं तूस भिजलं की पिल्लांना रक्ती हगवण लागलीच म्हणून समजा. पिल्लांना पहिले दोन महिने विकतचं स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं खाद्यच द्या, तिथे काटकसर नको.

तुमच्याकडे जात कुठली ते तुम्ही लिहिलेलं नाही. गावठी असतील, दिवसभर परसात उकरत असतील, तर आंबोण, पाला, जवळा आणि शिंपल्या यावर आरामात चालतं, पण ती बारा-पंधरा अंडी घालून खुडूक बसणारच, वर्षाला साठ-सत्तर धरा, कुठल्याही मडक्याने ती दोनशे घालणार नाही. वनराजा, ग्रामप्रिया अशा सुधारित जाती असतील आणि शंभराच्या वर अंडी हवी असतील तर लेयर खाद्य निदान निम्मं चालू ठेवा. तेच भिजवून आंबवलं तरी चालतं, फक्त ते पिठूळ असतं म्हणून एकच रात्र ठेवायचं.