मेलेल्या जीवाणूंचा प्रतिकारशक्तीला उपयोग होतो का?

प्रश्न : काही नव्या पूरक आहारांच्या पाकिटांवर 'उष्णतेने निष्क्रिय केलेले जीवाणू' असे छापलेले असते. जीवाणू मेलेलेच असतील तर त्यांचा उपयोग काय? आणि तसा तो होत असेल, तर कढी उकळताना मरणारे दह्यातले जीवाणूही उपयोगी मानावेत का?

उत्तर : आतड्याच्या अस्तरालगतच्या प्रतिकारपेशी जीवाणूला बऱ्याच अंशी त्याच्या पेशीभित्तिकेवरून ओळखतात. पेप्टिडोग्लायकनसारखे भित्तिकेतील घटक जीवाणू मेल्यावरही शिल्लक राहतात, आणि पेशींवरील ग्राहींशी (असे घटक ओळखणाऱ्या प्रथिनांशी) त्यांचा संबंध आला की सायटोकाइन, म्हणजे प्रतिकारपेशींना संदेश देणारी प्रथिने, स्रवू लागतात. मात्र आतड्यात काही काळ तग धरणे, लॅक्टिक आम्ल तयार करणे, रोगजंतूंशी अन्नासाठी स्पर्धा करणे ही कामे जिवंत जीवाणूच करू शकतो.

हा फरक फिनलंडमधील दोन अभ्यासांत चांगला दिसतो. दोन्हींत लॅक्टोबॅसिलस जीजी हाच जीवाणूचा वाण (उपप्रकार) वापरला होता. रोटाव्हायरसमुळे जुलाब झालेल्या मुलांवरील १९९५ च्या अभ्यासात जिवंत आणि निष्क्रिय जीवाणू घेणारी मुले जवळपास सारख्याच वेगाने बरी झाली, परंतु त्या विषाणूविरुद्धची आयजीए प्रकारची प्रतिपिंडे (विषाणूला रोखणारी प्रथिने) प्रामुख्याने जिवंत जीवाणू घेतलेल्यांत वाढली. म्हणजे केवळ जुलाब थांबण्याकडे पाहिले असते, तर प्रतिकारशक्तीतला हा फरक कोणाच्या ध्यानातही आला नसता. पुढे २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, इसब असलेल्या तान्ह्या बाळांवरील अभ्यासात तर निष्क्रिय जीवाणू दिलेल्या काही बाळांना जुलाब लागले आणि नवी बाळे घेणे थांबवावे लागले. 'मेलेला म्हणजे निरुपद्रवी' हे गृहीतक तेव्हापासून डोळे मिटून मान्य करता येत नाही.

याच्या उलट, अक्करमॅन्सिया म्युसिनिफिला हा जीवाणू ७० अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापवल्यावर उंदरांमधील लठ्ठपणा रोखण्यात अधिक परिणामकारक ठरला; त्याच्या बाह्य आवरणातील एक प्रथिन त्या तापमानाला टिकून राहते, हे त्यामागचे एक कारण मानले जाते. तेव्हा वाण कोणता आणि तो किती तापवला, यावर सारे अवलंबून आहे. घरच्या विरजणातले वाण आणि त्यांचे प्रमाण दोन्ही अनिश्चित असल्याने कढीला हे निष्कर्ष लावता येत नाहीत. कढी चवीसाठीच प्यावी.

मृत जीवाणूंची एक बाजू मात्र निर्विवाद आहे : ते रक्तात शिरून वाढू शकत नाहीत. अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये प्रोबायोटिकमुळे, म्हणजे आरोग्यासाठी दिलेल्या जिवंत जीवाणूंमुळे, क्वचित असा जंतुसंसर्ग होतो, आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये त्याबाबत डॉक्टरांना सावधही केले होते.