टोरांटोहून तीन ठिकाणची टीम सांभाळायची तर

तुम्ही विचारलंय, भारतातून टोरांटोला आल्यावर इथली, बर्लिनची आणि भारतातली माणसं घेऊन प्रोजेक्ट कसा चालवायचा, रात्रंदिवस कॉलवरच बसावं लागतं का. मी इथून हेच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

उन्हाळ्यात भारत टोरांटोच्या साडेनऊ तास पुढे असतो, हिवाळ्यात साडेदहा. इथे सकाळी साडेआठला कॉल ठेवला तर बर्लिनला दुपारचे अडीच आणि भारतात संध्याकाळचे सहा किंवा सात. सगळ्यांना झेपेल अशी साधारण हीच वेळ. ती स्टेटस ऐकण्यात घालवू नका. ते आधी लिहून येऊ दे.

मार्चमध्ये गोंधळ होतो. इथलं घड्याळ दुसऱ्या रविवारी पुढे जातं, युरोपातलं शेवटच्या रविवारी, भारतातलं हलतच नाही. मधले दोन-तीन आठवडे बर्लिन सहाऐवजी पाचच तास पुढे. त्यात कॅलेंडरचं आमंत्रण ज्या टाइमझोनमध्ये केलंय तिथली वेळ कायम राहते, बाकीच्यांची सरकते. भारताच्या वेळेने संध्याकाळी सहाला लावलेला कॉल हिवाळ्यात तुमच्याकडे साडेसातला येईल. आल्या आल्या सगळी आमंत्रणं नव्याने करा.

हे झालं वेळापत्रक, ते जमतं. अडतं ते निर्णयांवर. भारतात सकाळी दहाला कोणाचं काम थांबलं तेव्हा तुमच्याकडे उन्हाळ्यात रात्रीचे साडेबारा, हिवाळ्यात साडेअकरा. एका ‘हो’साठी त्याचा दिवस वाया, नाहीतर तुमची झोप. निघण्याआधीच तिथल्या एकाला लेखी अधिकार द्या: कुठले बदल तो न विचारता रिलीज करेल, कधी मागे घेईल, ग्राहकाला काय सांगेल. त्याचा एखादा निर्णय पटला नाही तरी, मोठं नुकसान होत नसेल तर, उलटवू नका. एकदा उलटवलात की सगळे पुन्हा तुमच्या उठण्याची वाट बघणार.

जर्मनीत दोन कामाच्या दिवसांमध्ये साधारणपणे सलग 11 तास विश्रांती द्यावी लागते. म्हणजे रात्री दहापर्यंत कॉलवर असलेला माणूस सकाळी नऊच्या आत कामाला नाही. ऑन्टॅरिओत, म्हणजे टोरांटो ज्या प्रांतात आहे तिथे, 25 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या कंपनीला कामाच्या वेळेनंतर ‘डिस्कनेक्ट’ होण्याबद्दल लेखी धोरण ठेवावं लागतं, पण तेवढ्याने रात्री फोन न उचलण्याचा हक्क मिळत नाही. म्हणून ऑफर स्वीकारण्याआधीच रात्रीच्या कॉलचं काय, हे मॅनेजरकडून ईमेलवर घ्या. इथे येऊन बसल्यावर तो विषय काढणं अवघड जातं.