कोर्टात जिंकलेले 10 लाख आणि न विचारलेली पॉलिसी

दादा, पत्र दोनदा वाचलं. ऑफिसातल्या मित्राला 8 लाख उसने दिले, 2 वर्षांपूर्वी डिक्री (वसुलीचा कोर्टाचा हुकूम) मिळाली, व्याजासकट 10 लाख झालेत, तो म्हणतो माझ्या नावावर काहीच नाही, आणि एक जण 60 हजारात त्याची बँक खाती शोधून देतो म्हणतोय, देऊ का? नका देऊ. चोरून काढलेल्या स्टेटमेंटपायी उलट तुम्हीच अडकाल.

हे काम कोर्टातूनच होतं, पण त्यासाठी दरखास्त, म्हणजे डिक्रीच्या अंमलबजावणीचा अर्ज, टाकावी लागते, आणि ती तुम्ही अजून टाकलेलीच नाही! दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर 21 रूल 41 खाली त्याला मालमत्ता प्रतिज्ञापत्रावर सांगायला लावता येतं, टाळाटाळ केली तर 3 महिन्यांपर्यंत दिवाणी कैद होऊ शकते. तुमचा चेक त्याने कुठल्या बँकेत भरला ते बघा, तिथल्या खात्यावर जप्ती मागता येते. सातबारा, इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या दस्ताचा गोषवारा) ऑनलाइन दिसतात. पैसे बुडवायलाच फ्लॅट बायकोला बक्षीस दिला असेल तर त्यालाही आव्हान देता येतं.

आता तुमच्या पत्रातली ती शेवटची ओळ. "ते पैसे येणारच आहेत म्हणून" वर्षाला 2 लाखांच्या हप्त्याची एन्डोमेंट पॉलिसी (विमा आणि बचत एकत्र), 10 वर्षं, आणि पहिला हप्ता 15 टक्क्यांच्या पर्सनल लोनमधून?? अहो, त्या मित्राचा पगार तुम्हीच 46 हजार लिहिलाय. पहिले हजार सोडून उरलेल्याचा फक्त तिसरा हिस्सा जप्त होतो, म्हणजे 15 हजार, तोही एका डिक्रीसाठी एकूण 24 महिनेच. झाले 3 लाख 60 हजार. पीपीएफला हात लागत नाही, त्याच्या स्वतःच्या आयुर्विम्याच्या पैशालाही नाही. बाकी काही सापडलं तर सापडलं, आणि या भरवशावर तुम्ही 20 लाखांचे हप्ते डोक्यावर घेतलेत. लोनचं व्याज वर्षाला 30 हजारांच्या आसपास, पॉलिसी फार तर 10-12 हजार कमावेल, हा हिशोब विकणाऱ्याने तुम्हाला करून दाखवला असता तर त्याचं कमिशन गेलं असतं ना.

पॉलिसी हातात येऊन 3 आठवडे झाले म्हणता, फ्री लूक, म्हणजे पॉलिसी परत करायची मुदत, 30 दिवसांचा असतो. थोडी कापाकापी होऊन बाकी प्रीमियम परत मिळतो, तो सरळ लोनमध्ये भरा. विकणारा थांबा म्हणेल, त्याच्याशी बोलूच नका, कंपनीला लेखी द्या आणि पोच घ्या. डिक्रीला 12 वर्षांची मुदत असते, तुमच्याकडे अजून 10 आहेत, वकिलांना सोमवारी फोन केलात तरी चालेल. पॉलिसी रद्द करायचा अर्ज मात्र आजच.