वाचकांचे प्रश्न: घरी काडतुसं भरताना आधी पुंगळी बघा

प्रश्न: टेक्सासमध्ये १४ वर्षं झाली, आता सिटिझन आहे. .२२३ काडतुसाची रायफल होती, मागच्या वर्षी तिच्यासाठी .३०० ब्लॅकआउट ह्या दुसऱ्या काडतुसाची अप्पर (नळीसकट बदलता येणारा रायफलचा वरचा भाग) घेतली. रेंजवर (नेमबाजीच्या मैदानावर) उचललेल्या .२२३ च्या रिकाम्या पितळी पुंगळ्यांनी पाच गॅलनची बादली भरलीये, त्याच कापून ब्लॅकआउट बनवतोय. दहातल्या दोन-तीन पुंगळ्यांची मान (गोळी धरणारं तोंड) चिरते, आणि काही भरलेली काडतुसं चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागेत) पूर्ण बसतच नाहीत, मग फॉरवर्ड असिस्टवर (बोल्ट पुढे ढकलायच्या बटणावर) थाप मारून बसवतो. कुठे चुकतंय? (ऑस्टिनजवळचे एक वाचक)

उत्तर: दादा, सगळ्यात आधी ती थाप मारणं बंद करा. जे काडतूस आपणहून बसत नाही ते बाहेर काढायचं, बाजूला ठेवायचं आणि मोजायचं. न बसण्याची कारणं दोन-तीनच असतात आणि त्यातलं एक जीवावर बेतणारं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

.२२३ ची पुंगळी १.७६० इंच लांब, ब्लॅकआउटची १.३६८. म्हणजे तुम्ही जुना खांदा (मानेखालचा निमुळता भाग) आणि जुनी मान दोन्ही कापून टाकता आणि नवी मान तयार होते ती पुंगळीच्या धडातून. आता पुंगळीची भिंत वर पातळ आणि बुडाकडे जाड होत जाते, त्यामुळे नव्या मानेला आपोआप जास्त जाड पितळ येतं. किती जास्त ते कंपनीवर आहे, काहींचं अगदी बरोबर येतं, काहींचं इतकं जाड की ब्लॅकआउटची .३०८ इंच व्यासाची गोळी बसवली की मानेचा बाहेरचा व्यास .३३४ इंचाच्या वर जातो, आणि .३३४ ही हद्द आहे. त्याच्या पुढे गेलं की चेंबरमध्ये मानेला फुलायला जागा उरत नाही, मान फुलली नाही की गोळी सुटत नाही, आणि गोळी वेळेवर सुटली नाही की प्रेशर कुठल्या कुठे जातं. नेहमीचंच कमाल प्रेशर ५५,००० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) आहे, त्याच्या वर जायचंच नाहीये आपल्याला. आणि तुम्ही थाप मारून बसवताय ती काडतुसं नेमकी ह्यातलीच असू शकतात.

मग करायचं काय, तर बादली टेबलावर रिकामी करा आणि बुडावरचा शिक्का बघून पुंगळ्यांचे वेगवेगळे ढीग लावा. प्रत्येक ढिगातल्या पाच पुंगळ्या कापा, घडवा, आणि प्रायमर (बुडातली ठिणगी पाडणारी टोपी) नाही पावडर नाही अशी नुसती गोळी बसवून मायक्रोमीटरनं मान मोजा. ज्या शिक्क्याची मान जाड येते तो ढीग सरळ भंगारात घाला. मान तासून पातळ करायची हत्यारं मिळतात आणि लोक तासतातही, पण फुकटात उचललेल्या पुंगळीवर एवढा वेळ घालवू नये असं मला प्रामाणिकपणे वाटतं. चांगल्या शिक्क्याच्या पुंगळ्या रेंजवर ढिगानं मिळतात.

मान ठीक असूनही बसत नसेल तर खांदा पुरेसा मागे गेलेला नाही. डाय (पुंगळीला आकार देणारा साचा) नीट खाली आणलेली नसते, किंवा लुब्रिकंट कमी पडल्यामुळे हँडल मारताना प्रेस (पुंगळी डायमध्ये दाबायचं हाताचं यंत्र) किंचित ताणला जातो आणि शेवटचे दोन-तीन हजारांश इंच राहून जातात. केस गेज (पुंगळीचं माप तपासायचा साचा) घ्या, स्वस्त असतं, पुंगळी त्यात टाकली की दिसतंच. सैन्याच्या पुंगळ्या असतील तर प्रायमरच्या खोबणीभोवती क्रिम्प (दाबून आत वळवलेली कड) असतो, तो काढल्याशिवाय नवा प्रायमर जबरदस्तीनं बसवू नका.

आता चिरण्याचं. हे कळायला पुण्याच्या कसब्यातली तांबट आळी आठवा. मी लहानपणी खडकीहून आईबरोबर तिकडे जायचो, घंघाळ, पातेलं असं काहीतरी घ्यायला. तांबट पत्रा ठोकत जातो, ठोकता ठोकता पत्रा ताठ होतो, मग तो भट्टीत लाल करून परत मऊ करतो आणि मग पुढचं ठोकतो. शेवटी मठारतात ते नुसतं चकाकीसाठी नाही, मठारल्यानं भांडं कडक होतं. काडतुसाचं पितळ म्हणजे ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त, त्याचाही स्वभाव हाच. एकदा उडालं की फुगतं, डायमध्ये परत आवळतो, आणि तुम्ही तर धडाचं पितळ दाबून त्याची मान करताय. एवढं ठोकल्यावर पितळ ताठ होणारच, आणि ताठ पितळ चिरतं. उपाय तांबटाचाच, कापल्यानंतर वरचा भाग तापवून मऊ करायचा. पण एक गोष्ट उलटी आहे. तांबट अख्खं भांडं तापवतो, आपण फक्त वरचा भाग. पुंगळीचं बूड कडकच राहिलं पाहिजे कारण प्रेशर तिथे झेलायचं असतं आणि तिथे बाजूनं चेंबरच्या भिंतीचा पूर्ण आधार नसतो. ब्लॅकआउटची पुंगळी जेमतेम ३५ मिलिमीटर, उष्णता बुडापर्यंत पोचायला वेळच लागत नाही. त्यामुळे गॅस टॉर्चच्या ज्योतीसमोर मोजून काही सेकंद, तापमान दाखवणारा रंग मानेच्या आत लावून, आणि तोच रंग बुडाजवळ बाहेरून लावून तिथे तो वितळत नाही ना हे बघून. ज्या पुंगळीच्या बुडाला ताव लागला असेल असा नुसता संशय जरी आला तरी ती पक्कडीनं चेपून टाका, म्हणजे चुकून परत भरली जाणार नाही.

आणि एक राहिलं, तुम्ही विचारलं नाहीत पण तुमच्या घरात दोन्ही आहेत म्हणून लिहितो. दोन्ही काडतुसं एकाच मॅगझिनमध्ये बसतात. ब्लॅकआउटचं काडतूस चुकून .२२३ च्या बॅरलमध्ये गेलं तर काही गोळ्यांच्या बाबतीत बोल्ट बंदही होतो, आणि मग .३०८ इंचाची गोळी .२२४ इंचाच्या गोळीसाठी असलेल्या नळीत शिरायला बघते. रायफल फुटते. फुटलेल्या रायफलींचे फोटो सगळ्यांनी बघितलेत तरी दरवर्षी कोणीतरी हे करतंच. मॅगझिनांना वेगळा रंग द्या, डबे वेगळे ठेवा आणि रेंजवर एका वेळी एकच अप्पर न्या. पावडरचंही तसंच, .२२३ ची पावडर आणि ब्लॅकआउटची पावडर ह्यांचा एकमेकांशी संबंध नाही, टेबलावर एका वेळी एकच डबा उघडा हवा, आणि वजन फक्त छापील मॅन्युअलमधून घ्यायचं, माझ्याकडून नाही की मित्राकडून नाही.

प्रश्न: माझ्याकडे जुनी ८ मिलिमीटर माउझर आहे. एका ओळखीच्या आजोबांनी .३०-०६ च्या कधीच न वापरलेल्या पुंगळ्या दिल्या, १५ वर्षं गॅरेजमध्ये होत्या. त्यांच्यापासून माउझरच्या करायला घेतल्या तर बऱ्याच पुंगळ्यांच्या मानेला आधीच उभ्या भेगा. न वापरता भेग कशी पडेल? (एक वाचक, पेन्सिल्वेनिया)

उत्तर: काका, ह्या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडच्याच पावसाळ्यात सापडलंय. इंग्रजांच्या फौजेची पितळी काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्याच्या दिवसांत नुसती ठेवल्या ठेवल्या चिरायची, म्हणून इंग्रजीत त्याचं नावच सीझन क्रॅकिंग पडलं. दमट हवा, आणि तबेल्यातल्या घोड्यांच्या मुतातून येणारा अमोनिया. घडवताना पितळात जो ताण अडकून राहतो त्यावर अमोनियानं घाला घातला की पितळ चिरतं, ह्याचा नीट उलगडा १९२१ साली झाला, आणि उपाय म्हणजे घडवल्यावर मंद तापवून तो ताण काढून टाकायचा.

त्या गॅरेजमध्ये घोडा नसेल पण खताची पोती, मांजराची लिटर, काचा पुसायचं अमोनियावालं लिक्विड ह्यातलं काहीतरी असेलच. बऱ्याच पितळ पॉलिशमध्येही अमोनिया असतो, तेव्हा पुंगळ्या पॉलिशनं कधीच चमकवू नका. धुवायच्याच तर साइट्रिक ॲसिडचं हलकं पाणी, आजी चिंचेनं देवाची भांडी घासायची तीच ही गोष्ट. पाच-दहा मिनिटं पुरे, रात्रभर ठेवल्या तर जस्त निघून जातं आणि पितळ गुलाबी दिसायला लागतं, तशा गुलाबी झालेल्या पुंगळ्या वापरू नका.

भेगा दिसतायत त्या तर गेल्याच, पण त्या खोक्यातल्या बाकीच्यांवरही मी विश्वास ठेवणार नाही. चांगल्या .३०-०६ घेऊन माउझरच्या करणं हे मात्र छान काम आहे, बूड सारखंच असतं, ६३ ची लांबी ५७ मिलिमीटरवर आणायची आणि डायमधून काढायची, मान जाड येते का ते वर लिहिल्याप्रमाणे इथेही मोजायचंच. बुडावर शिक्का .३०-०६ चाच राहणार, म्हणून डब्यावर मोठ्या अक्षरात लिहा, तुमच्यानंतर तो डबा कोण उघडेल सांगता येत नाही.

प्रश्न: नवरा बेसमेंटमध्ये काडतुसं भरतो. मुलगा दोन वर्षांचा आहे. टम्बलर (पुंगळ्या फिरवून साफ करायचं यंत्र) वॉशिंग मशीनच्या शेजारी असतो आणि त्याच रॅकवर आपले तांदळाचे, डाळीचे डबे. मी बोलले की तो म्हणतो काही होत नाही. (एक ताई, ओहायो)

उत्तर: ताई, तुमचं बरोबर आहे, आणि हे उत्तर त्यांना वाचायला द्या.

बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं. काडतूस उडालं की ते राखेसारखं पुंगळीच्या आत बसतं, आणि मक्याच्या किंवा अक्रोडाच्या भुश्यात पुंगळ्या तासन्तास फिरवल्या की तीच राख त्या भुश्यात उतरते. भुसा चाळताना जो बारीक धुरळा उडतो तो खाली कुठे बसतो बघा, रॅकवर, कपड्यांवर आणि जमिनीवर, जिथे तुमचा मुलगा रांगत-चालत असतो आणि हात तोंडात घालत असतो. अमेरिकेच्या सीडीसी ह्या सरकारी आरोग्य संस्थेनं मुलांच्या रक्तातल्या शिशाची लक्ष ठेवायची पातळी २०२१ मध्ये दर डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅमवर आणली, आणि मुलांसाठी सुरक्षित अशी कुठलीच पातळी नाही असंच ते सांगतात.

आधी मुलाच्या डॉक्टरांना फोन करून रक्ताची टेस्ट करून घ्या, साधी टेस्ट असते, दोन वर्षांच्या मुलांची एरवीही करतात. नवऱ्याचीही करा. धान्य आजच वर आणा. टम्बलर घराबाहेर नाहीतर ओला, म्हणजे पाण्यात स्टीलच्या बारीक पिना घालून फिरवतात तो, त्यात धुरळा उडत नाही. त्याचं गढूळ पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये ओतायचं नाही. जमीन झाडायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची, साध्या व्हॅक्यूमनं तर धुरळा अजूनच पसरतो. टेबलापाशी चहा नाही, खाणं नाही, आणि काम झालं की हात धुवून कपडे बदलूनच मुलाला घ्यायचं. हे सगळं जमत नसेल तर मूल मोठं होईपर्यंत प्रेस बंद ठेवावा असं मला वाटतं.

पावडर आणि प्रायमर कुलपात हवेत हे वेगळं सांगायला नको. पावडर मूळ डब्यातच, घरात २० पौंडांपर्यंत, आणि प्रायमर १०,००० पर्यंत अशी अग्निसुरक्षेच्या नियमावलीतली मर्यादा आहे. काही शहरांत ह्याहून कडक आहे.

प्रश्न: एच-१बी ह्या नोकरीच्या व्हिसावर आहे. बंदूक घेत नाहीये, फक्त मित्राबरोबर प्रेस, पुंगळ्या, पावडर घेऊन शिकायचंय. चालेल ना? (एक वाचक, सिएटल)

उत्तर: असंच नाही चालणार. अमेरिकेच्या कायद्यात नॉनइमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक आणि ॲम्युनिशन दोन्ही बाळगायला मनाई आहे, आणि ॲम्युनिशनच्या व्याख्येत पुंगळी, प्रायमर, गोळी आणि पावडर हे सुटे भागही येतात. नुसता प्रेस म्हणजे लोखंड, पण त्यात घालायचा माल ॲम्युनिशनच. काही अपवाद आहेत, त्यातला लोक वापरतात तो म्हणजे राज्याचं चालू असलेलं हंटिंग लायसन्स. ग्रीन कार्डवाल्यांना ही मनाई नाही. हा फेडरल गुन्हा आहे आणि व्हिसाही जाऊ शकतो, म्हणून एका वकिलाला पैसे देऊन विचाराच, मित्रांच्या सांगण्यावर जाऊ नका. आणि सिटिझन असलेल्यांसाठी, स्वतःपुरतं भरायला फेडरल लायसन्स लागत नाही, पण भरलेली काडतुसं विकायचा धंदा करायचा तर लागतं.

प्रश्न: शेतीसंरक्षणाचा परवाना आहे, बारा बोअरची बंदूक. वानर आणि डुकरांनी वीट आणलाय, काडतुसं महाग. गावात एक जण जुन्या पुंगळ्या परत भरून देतो. आपणच घरी भरल्या तर? (एक बागायतदार, कणकवली)

उत्तर: भाऊ, नुकसान किती होतं ते मला माहीत आहे, माझं आजोळ तिकडचंच. तरीही नको. तुमचा परवाना बंदूक आणि काडतुसं बाळगायचा आहे, बनवायचा नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात काडतूस बनवायला वेगळा परवाना लागतो, काडतुसाचे भाग आणि ते बनवायची यंत्रंसुद्धा व्याख्येत येतात, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवण्याची शिक्षा कमीत कमी ७ वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. त्या भरून देणाऱ्याकडनं घेतलीत तरी तुम्ही अडकणार.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी तो माणूस आत काय भरतोय ते तुम्हाला माहीत नाही. ठासणीच्या बंदुकीची काळी दारू मापट्यानं घालायची सवय असलेल्यानं त्याच मापट्यानं नवी बिनधुराची पावडर घातली तर नळी हातात फुटते, आणि डावा हात नळीखालीच असतो. परवानाधारक दुकानातूनच घ्या, परवान्यावरचा कोटा पुरत नसेल तर वाढवून मिळण्यासाठी कलेक्टर कचेरीत अर्ज करा.

प्रश्न: रेंजवर पहिल्यांदा मारलेल्या गोळीची रिकामी पुंगळी आठवण म्हणून पुण्याला आईबाबांना दाखवायला न्यायचीये. रिकामीच आहे, चालेल? (एक वाचक, शिकागो)

उत्तर: नेऊ नका. बॅगेच्या स्कॅनिंगमध्ये ती दिसते, आणि काडतुसाचे भागही कायद्यात येतात हे वर लिहिलंच आहे. बॅगेत विसरलेल्या एका काडतुसावरून विमानतळावर पोलीस केस झालेली माणसं आहेत, पुढे सुटली तरी मधले महिने वकील आणि तारखा ह्यात जातात. फोटो काढून न्या. आणि रेंजवर वापरलेली बॅग असेल तर ती प्रवासाला घेऊच नका, किंवा आधी उलटी करून, शिवणीत बोटं घालून तपासा, .२२ ची पुंगळी अस्तराच्या भोकातून आत जाऊन बसलेली असते.