काम करून आणलेली बाइक सुरूच होत नाही

या वेळच्या पत्रांत तक्रार एकच आहे: गाडी कशीबशी का होईना चालत होती, कामाला दिली आणि परत आली ती बंद. अशा गाडीत नवा बिघाड हुडकत बसू नका. जिथे जिथे पाना लागला आहे, तिथे आधी बघा.

प्रश्न : २०१३ ची स्प्लेंडर. धूर काढायची म्हणून बोअर-पिस्टन नवीन टाकलं, हेडमधले व्हॉल्व्ह घासून घेतले. आता किक हलकी जाते, मधूनच कार्ब्युरेटरमधून ‘फट्’ असा आवाज येतो, पण इंजिन पकडत नाही. मेकॅनिक म्हणतो, बोअर नवीन आहे, बसायला वेळ लागेल. किती थांबायचं?
– एक वाचक, कळवा

उत्तर : थांबू नका. नवीन रिंगा बोअरमध्ये बसायला काहीशे किलोमीटर जातात हे खरं, पण त्यासाठी गाडी आधी सुरू तरी व्हायला हवी.

पेट्रोल आणि करंट पाच मिनिटांत बघून होतात, ते उरकून घ्या. कार्ब्युरेटरच्या खालच्या वाटीचा ड्रेन स्क्रू सैल केला की पेट्रोल सलग यायला हवं. मग प्लग काढून कॅपमध्ये बसवा, त्याची धातूची बाजू इंजिनच्या फिनला नीट टेकवा आणि किक मारा. निळसर, कडक ठिणगी चांगली. पिवळट आणि मरतुकडी असेल तर प्लग किंवा कॅप बदलून बघा. प्लग टेकवताना त्याच्या भोकापासून लांब धरा, तिथून पेट्रोलची वाफ उडते.

तुमच्या बाबतीत मात्र संशय वेगळा आहे. किक हलकी म्हणजे कॉम्प्रेशन (सिलिंडरमधली हवेची दाब) नाही, आणि कार्ब्युरेटरमधून फटाका म्हणजे इनटेक (पेट्रोल-हवा आत घेणारा) व्हॉल्व्ह उघडा असताना ठिणगी पडतेय. दोन्ही मिळून एकाच ठिकाणी बोट जातं: टायमिंग चेन (क्रँक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅम यांना जोडणारी साखळी) चुकीच्या दातावर चढली असावी, किंवा टॅपेट (व्हॉल्व्हच्या टोकावरचे गॅप ठरवणारे स्क्रू) घट्ट आहेत, किंवा दोन्ही.

चेन अशी तपासा. डाव्या बाजूच्या मॅग्नेट (क्रँकवर बसलेलं, वीज तयार करणारं चाक) कव्हरवर दोन झाकणं असतात, ती काढा. मोठ्या भोकातून सॉकेटने क्रँक (पिस्टन ज्याला जोडलेला असतो तो फिरणारा दांडा) डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट फिरवा. लहान भोकातून दिसणारी ‘टी’ची रेघ (पिस्टन सगळ्यात वर असल्याची खूण) कव्हरवरच्या खाचेसमोर आली की थांबा. आता हेडच्या डाव्या बाजूचं गोल झाकण उघडा. कॅम स्प्रॉकेटवरची गोल खूण हेडवरच्या खाचेसमोर असली पाहिजे. ती उलट्या टोकाला दिसली तर घाबरू नका, क्रँकचा आणखी एक पूर्ण फेरा द्या. ‘टी’ बरोबर आणि गोल खूण एखादा दात बाजूला असेल, तर रोग सापडला. एका दाताने क्रँकच्या हिशेबात २० अंशांहून जास्त फरक पडतो. एवढ्यावर इंजिन सुरू होत नाही, झालं तरी ओढत नाही.

खुणा जुळल्या की त्याच जागी टॅपेटची दोन्ही झाकणं काढा. दोन्ही रॉकर (व्हॉल्व्ह दाबणारे हात) बोटाने किंचित हलले पाहिजेत. थंड इंजिनवर फिलर गेजने ०.०८ मिमी गॅप ठेवा, इनटेकला आणि एक्झॉस्टलाही. व्हॉल्व्ह घासला की तो आपल्या सीटमध्ये (हेडमधल्या टेकायच्या कडेत) थोडा आत बसतो आणि त्याची दांडी तेवढी वर येते, म्हणून आधीचा गॅप आपोआप कमी होतो. हेडचं काम झाल्यावर टॅपेट पुन्हा लावायचे राहून जाणं ही फार नेहमीची गोष्ट आहे. गॅप शून्य झाला की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि किक पोकळ लागते.

एवढं करूनही किक हलकीच लागली तर प्लगच्या भोकातून चहाचा एक चमचा, म्हणजे साधारण ५ मिलि इंजिन ऑइल टाका आणि प्लग लावून किक मारा. किक घट्ट झाली तर दोष रिंगांकडे. मग बोअर उतरवून पाहा: रिंगेवरची खूण वर आहे का, तिन्ही रिंगांची तोंडं १२० अंशांवर फिरवून ठेवलीत का, पिस्टनवरचं ‘आयएन’ कार्ब्युरेटरच्या बाजूला आहे का. काहीच फरक पडला नाही तर हेडकडे वळा, म्हणजे व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

तोपर्यंत धक्का स्टार्ट करू नका. चेन बरीच चुकली असेल तर व्हॉल्व्ह पिस्टनला लागून वाकतो, आणि दोन हजारांचं काम पाच हजारांवर जायला वेळ लागत नाही.

प्रश्न : कार्ब्युरेटर खोलून धुतला. आता नळीतून पेट्रोल वाहतं आणि प्लग ओला निघतो. १५० सीसीची जुनी बाइक आहे.
– एक वाचक, ऐरोली

उत्तर : फ्लोटची (वाटीतलं पेट्रोल भरलं की सुईने वाट बंद करणाऱ्या तरंगत्या डब्याची) सुई जागेवर बसत नाही. पेट्रोल कॉक बंद करून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने वाटीला हलके दोन-चार ठोके द्या आणि कॉक पुन्हा उघडून बघा. कचरा अडकला असेल तर वाहणं थांबेल. थांबलं नाही तर वाटी उघडा: सुईच्या रबरी टोकावर गोल वळ पडला असेल तर सुई बदला, फ्लोट कानाशी हलवून आत पेट्रोल खळखळतंय का ऐका, आणि फ्लोटची पिन नीट सरकली आहे ना पाहा. टाकीच्या तळाशी गंज असेल तर पुन्हा हेच होणार. पावसाळ्यात अर्धी टाकी रिकामी ठेवून उभ्या असलेल्या गाड्यांना हा त्रास जास्त.

पेट्रोलने बुडालेलं इंजिन सुरू करायचं तर कॉक बंद, चावी बंद, प्लग बाहेर, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा, आणि दहा-बारा किक. मग कोरडा प्लग लावून चोक न ओढता सुरू करा.

धुताना पायलट जेटमध्ये (कार्ब्युरेटरमधली बारीक भोकाची नळी) तार घातली असेल तर ते भोक मोठं झालं असण्याची शक्यता आहे. तिथे फक्त हवा मारायची. मिक्स्चर स्क्रू हलक्या हाताने पूर्ण आत नेऊन दीड ते दोन फेरे बाहेर आणा, सुरुवात करायला तेवढं पुरतं. आणि हो, खोलताना मॅनिफोल्डच्या (कार्ब्युरेटर आणि इंजिनमधल्या नळीच्या) तोंडात कोंबलेलं फडकं काढलंत ना? हसू नका, हे अनेक गॅरेजांत घडतं.

प्रश्न : मॅग्नेटची कॉइल बदलल्यापासून करंट येतो, पण किक उलटी मारते. पायाला इजा होईल असं वाटतं.
– एक वाचक, तुर्भे

उत्तर : किक मारणं आधी बंद करा. मॅग्नेटच्या आतली, त्याला क्रँकवर जागी धरणारी अर्धचंद्राकृती चावी तुटली किंवा बसवायची राहिली, की मॅग्नेट क्रँकवर फिरतो आणि ठिणगी भलत्याच वेळी पडते. पुलरने मॅग्नेट काढा, हातोड्याने ठोकून नव्हे. चावी स्वस्त आहे, नवीनच टाका. क्रँकचा निमुळता भाग आणि मॅग्नेटची आतली बाजू ऑइल पुसून कोरडी करा, मग नट पूर्ण आवळा. कव्हर लावताना कॉइलची वायर मध्ये चेपली नाही ना, तेही बघा.

प्रश्न : २०२१ ची इंजेक्शनवाली बाइक. सर्व्हिसिंगला एअर फिल्टर बदलला, बॅटरी काढून चार्ज केली. सेल्फ फिरतो पण गाडी सुरू होत नाही.
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : चावी चालू करून कान द्या. टाकीतून दोन-तीन सेकंद पंपाची घरघर आली पाहिजे. आली नाही तर किल स्विच, फ्युज आणि टाकीखालचा पंपाचा कपलर (वायरींचा जोड) बघा. टाकी उचलली असेल तर पेट्रोल पाइपचा कपलर ‘टक’ आवाज होईपर्यंत दाबा. खाडीकाठच्या हवेत कपलरच्या पिना हिरव्या पडतात, त्या साफ करा. साइड स्टँड वर आहे का, स्विचची वायर लागलीय का, हे काही मॉडेलांत महत्त्वाचं ठरतं. बॅटरी स्थिर असताना १२.४ व्होल्टच्या खाली, किंवा सेल्फ मारताना १० च्या खाली जात असेल, तर आधी चार्जिंग.

पंप वाजतच नसेल आणि फ्युज ठीक असेल, तर सीटखाली किंवा पुढच्या पॅनेलमागे रबरात बसवलेला एक छोटा चौकोनी सेन्सर शोधा. गाडी आडवी पडल्यावर इंजिन बंद करायचं काम त्याचं. पॅनेल लावताना तो उलटा किंवा लोंबकळत राहिला, तर इंजिनाच्या हिशेबाने गाडी रस्त्यावर पडलेलीच असते. बाण वर येईल असा बसवा आणि चावी एकदा बंद करून चालू करा.